साठवलेले आणि आठवलेले

शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. तालुक्याहून पत्र आले की ते लगेच फाइलला लागत नाही. आधी त्यावर आवक क्रमांक पडतो, तारीख पडते, कोणाकडून आले आणि कशाबद्दल आहे हे नोंदवहीत लिहिले जाते, मगच ते फाइलमध्ये जाते. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाला हे सारे कंटाळवाणे वाटते. पण चार-सहा वर्षांनी एकाच विषयावरची दोन परिपत्रके परस्परविरोधी निघतात आणि आधीचे कोणते, नंतरचे कोणते हे पाहायची वेळ येते, तेव्हा त्या नोंदवहीची किंमत कळते.

या नोंदवहीची आठवण आम्हाला झाली ती एका नव्या साधनामुळे. इंटरनेटवरचे एखादे पान वाचताना एक बटण दाबायचे, की त्या पानावरचा मजकूर उचलला जाऊन आपल्या ‘एआय एजंट’च्या स्मृतीत जमा होतो. पुढे आपण काही विचारले की एजंट त्या साठ्यातून आठवून उत्तर देतो. अशी साधने आज अनेक आहेत, काही फुकट, काही विकत. आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांत शिकवणारे काही शिक्षक. ‘आपला तालुका’ या प्रकल्पासाठी आम्ही त्यांतले एक साधन काही आठवडे वापरून पाहिले. त्याचे नाव इथे देत नाही, कारण आमचा आक्षेप एका साधनावर नाही. या जातीच्या साधनांमागे जी एक समजूत आहे, तिच्यावर आहे. ती समजूत अशी, की साठवले म्हणजे आठवले.

ही स्मृती असते कुठे?

एजंट म्हटल्यावर आपल्याला आरटीओ कार्यालयाबाहेर फॉर्म भरून देणारा गृहस्थ आठवतो. कल्पना फारशी वेगळी नाही. नुसते उत्तर न देता आपल्या वतीने चार कामे करणारा, म्हणजे पाने शोधणारा, पत्राचा मसुदा करणारा, तक्ता भरणारा असा हा संगणकीय मदतनीस. आपण त्याला मदतनीसच म्हणू.

या मदतनिसाच्या पोटात एक भाषा-प्रारूप असते. अफाट मजकूर वाचवून ते एकदा तयार केले, की त्याचे शिक्षण तिथे थांबते. आपण त्याच्याशी आज काय बोललो हे उद्या त्याला आपोआप ठाऊक नसते. दर वेळी त्याच्यापुढे जेवढा मजकूर ठेवला जाईल तेवढाच त्याला दिसतो. मग स्मृती कशी आणायची? उपाय साधा आहे. बाहेर एक पेटी ठेवायची, तिच्यात चिठ्ठ्या साठवायच्या, आणि प्रश्न आला की त्या प्रश्नाशी जुळणाऱ्या चार-सहा चिठ्ठ्या काढून प्रश्नासोबत प्रारूपापुढे ठेवायच्या. ‘शोधून आणा आणि मग लिहा’ ही पद्धत २०२० मध्ये एका शोधनिबंधातून पुढे आली आणि आज ती सर्वत्र वापरली जाते. तेव्हा मदतनिसाला ‘आठवले’ असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी पेटीतून चिठ्ठ्या काढल्या आणि त्याने त्या वाचल्या.

पानाच्या चिठ्ठ्या होतात कशा? पहिल्या पायरीवर पानाची साफसफाई होते. जाहिराती, बाजूच्या याद्या, वरची पट्टी, खालची तळटीप काढून नुसता मजकूर ठेवला जातो. दुसऱ्या पायरीवर त्या मजकुराचे काहीशे शब्दांचे तुकडे पाडतात. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक तुकड्याचे आकड्यांच्या एका लांबलचक यादीत रूपांतर होते.

ही तिसरी पायरी समजून घेण्याजोगी आहे. नकाशावर गावाची जागा सांगायला दोन आकडे पुरतात, अक्षांश आणि रेखांश. बोर्डी आणि घोलवड यांचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणून ती गावे शेजारी. तसाच अर्थाचा एक नकाशा आहे अशी कल्पना करा. फक्त तिथे दोन आकडे पुरत नाहीत, शेकडो लागतात. ‘चिकूची बाग’ आणि ‘चिकूचे उत्पादन’ हे तुकडे या नकाशावर शेजारी पडतात, ‘भूकंपमापक यंत्र’ दूर कुठेतरी पडते. आपला प्रश्नही याच नकाशावर ठेवला जातो आणि त्याच्या सर्वांत जवळचे तुकडे उचलले जातात. शब्द तेच नसले तरी अर्थावरून सापडते, ही या पद्धतीची खरी ताकद आहे.

उपयोग आहेच

दोष सांगण्याआधी गुण सांगायला हवेत. इंटरनेटवरची पाने फार नाशवंत असतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नव्हती. आपण वर्गासाठी शोधून ठेवलेला लेख पुढच्या वर्षी जागेवर नसतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. मजकूर आपल्यापाशी उतरवून ठेवण्यात शहाणपणच आहे. आमच्याकडच्या डोंगरपट्टीत नेटवर्क केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तिथे तर अधिकच. विखुरलेल्या वाचनातून नेमका उतारा काढून देण्याचे काम आमच्या साधनाने अनेकदा चोख केले. चिकूवर जमवलेल्या माहितीतून त्याने मुलांसाठी प्रश्नावली करून दिली, तीत एकही चूक नव्हती. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्यात बरोबर होते.

अडचण सुरू झाली ती जिथे माहिती काळाबरोबर बदलत गेली आहे तिथे. आणि आमच्या दोन तालुक्यांची बहुतेक माहिती अशीच आहे.

आमचा जिल्हा कोणता?

आम्ही मदतनिसाला तिसरी-चौथीच्या मुलांसाठी तालुक्याची दहा ओळींत ओळख लिहायला सांगितली. पहिल्याच ओळीत त्याने डहाणू ठाणे जिल्ह्यात टाकले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. आम्ही साठवलेले एक पान त्याआधीचे होते. मुळात ते पान चुकीचे नव्हते, लिहिले तेव्हा अगदी बरोबर होते. पण साठवताना पानावरची तारीख साफसफाईत निघून गेली होती. तारीख बहुधा वरच्या पट्टीत किंवा तळटीपेत असते आणि नेमका तोच भाग कचरा म्हणून काढला जातो.

गंमत म्हणजे पेटी बंद ठेवून हाच प्रश्न विचारला तेव्हा त्याने ‘पालघर’ असे बरोबर उत्तर दिले. म्हणजे स्मृती दिल्यामुळे त्याचे ज्ञान वाढले तर नाहीच, उलट कमी झाले. पुढ्यात ठेवलेल्या चिठ्ठीवर त्याने स्वतःच्या माहितीपेक्षा अधिक विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा, कारण चिठ्ठी आम्हीच जमा केली होती.

ही चूक ओळखणे सोपे होते. मागच्या इतिहासात गेले तर ते इतके सोपे राहत नाही. मे १९४५ मध्ये आदिवासींची जी परिषद वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची सुरुवात ठरली, ती आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या त्या लढ्यावरचे जुने लेखन डहाणूबरोबर उंबरगावचाही उल्लेख करते, आणि तो सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले. तारखेची खूण नसलेल्या चिठ्ठ्या एकत्र आल्या, की एकच गाव दोन जिल्ह्यांत आणि एकच तालुका दोन राज्यांत जाऊन बसतो.

‘नाकारली’ आणि ‘दिली’

दुसरा प्रश्न वाढवणच्या बंदराचा होता. त्यावर आमच्या भागात तीव्र मतभेद आहेत. बंदर हवे की नको हा या लेखाचा विषय नाही, केवळ घटनाक्रम पाहू. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला परवानगी नाकारली. पुढे जुलै २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अटींसह ना-हरकत दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली.

आम्ही विचारले, ‘प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली आहे का?’ उत्तर आले, ‘नाही, नाकारली आहे.’ पेटीत दोन्ही निर्णयांची पाने होती. मग एकच का वर आले?

मेख अर्थाच्या त्या नकाशात आहे. ‘प्राधिकरणाने बंदराला परवानगी नाकारली’ आणि ‘प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली’ ही दोन वाक्ये आपल्याला परस्परविरुद्ध दिसतात. नकाशाला मात्र ती सख्खी शेजारी दिसतात, कारण विषय तोच, संस्था तीच, गाव तेच. जवळीक मोजणारे हे गणित विषयाची जवळीक मोजते. होय आणि नाही यांतले अंतर त्याला नीट दिसत नाही, आणि आधी-नंतर तर त्याला मुळीच कळत नाही. जुन्या पानावर या निर्णयाबद्दल सविस्तर लिहिलेले होते, नव्यावर चार ओळींची बातमी होती. जुन्याचे तुकडे अधिक, म्हणून वर येण्याची शक्यताही त्याचीच अधिक. सर्वांत नवे काय किंवा सर्वांत खरे काय, हा प्रश्न या शोधात कुठे विचारलाच जात नाही.

नावांचाही घोळ यात भर घालतो. मराठीत हेच गाव कोणी वाढवण लिहिते, कोणी वाढवाण. रोमन लिपीत तर त्याची आणखी निरनिराळी रूपे आढळतात आणि त्यांतले एक गुजरातेतल्या सुरेंद्रनगरजवळच्या वढवाण शहराच्या नावाशी जुळते. बंदराच्या माहितीत सौराष्ट्रातल्या राजवाड्याची एक ओळ कशी शिरली, हे शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. शिवाय युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टमध्ये बसवलेला असे. तो पडद्यावर छान वाचता येतो, पण साधनाने उचलला की निरर्थक खुणांची रांग होते. साधन तीही निमूटपणे साठवते आणि ‘जमा झाले’ असे कळवते.

धक्के वाढले की नोंदी वाढल्या?

तिसरा विषय आमच्या मुलांच्या अनुभवातला होता. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान-लहान धक्के मालिकेने बसू लागले. अशा मालिकेत एक मोठा धक्का आणि मागून त्याचे पडसाद असा क्रम नसतो, बरेच लहान-मध्यम धक्के येत राहतात. त्यांचे केंद्र जमिनीखाली फार खोल नसल्याने आवाजही ऐकू येतो. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी अनेक धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा नोंदला गेला. त्या थंडीत कितीतरी कुटुंबे घराबाहेर, तंबूंत झोपली.

आमच्या साठ्यात या विषयावरची बरीच पाने होती. मदतनिसाने त्यांतून एक तक्ता केला आणि खाली निष्कर्ष लिहिला, ‘२०१९ मध्ये धक्क्यांची संख्या झपाट्याने वाढली.’ हा निष्कर्ष मुलांनी तसाच उतरवून घेतला असता. परंतु मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. शास्त्रज्ञांनी या भागात तात्पुरती भूकंपमापक यंत्रे बसवली होती. जवळ यंत्र आले की पूर्वी निसटणारे बारीक धक्केही नोंदले जातात. तेव्हा नोंदी वाढल्या यावरून धक्के वाढले असे लगेच म्हणता येत नाही. धक्के खरोखर वाढले असतीलही, पण ते ठरवायचे तर ज्या तीव्रतेचे धक्के आधीही नोंदले जात होते आणि नंतरही, तेवढ्यांचीच तुलना करावी लागते. यंत्रे बसवल्याची बातमी एका चिठ्ठीत होती आणि आकडे दुसऱ्या चिठ्ठ्यांत. त्या दोन्ही एकत्र वाचायच्या आहेत हे पेटीला कोण सांगणार?

तीव्रतेच्या आकड्याचेही तसेच आहे. पहिल्या तासाभरात जाहीर होणारा आकडा प्राथमिक असतो, अधिक केंद्रांची माहिती आली की तो सुधारला जातो. निरनिराळ्या पद्धतींनीही थोडा वेगळा येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता काही ठिकाणी ६.३, तर काही ठिकाणी ६.५ दिलेली आढळते. ०.२ चा फरक क्षुल्लक वाटेल. पण या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्या हिशेबाने ०.२ वाढले की ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा आकडा कोणी, कोणत्या पद्धतीने आणि केव्हा दिला हे त्याच्याशी बांधलेलेच असायला हवे. त्याशिवाय तो आकडा अर्धाच राहतो.

पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा

आतापर्यंतच्या चुका वर्गातल्या होत्या, खडू-डस्टरने पुसता येण्याजोग्या. चौथा अनुभव तसा नाही आणि हा लेख लिहावासा वाटला तो त्याच्यामुळेच.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी वनहक्काच्या दाव्याची कागदपत्रे असणे ही नवलाची गोष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात हक्कदारांचे दोन प्रकार आहेत. पहिला, वनात राहणाऱ्या अनुसूचित जमाती. त्यांचा वनजमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. दुसरा, इतर पारंपरिक वननिवासी. त्यांना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ७५ वर्षांची अट आदिवासींना नाही.

आम्ही या कायद्याची माहिती देणारे एक चांगले पान साठवले होते आणि एका वारली कुटुंबाच्या जागी आपण आहोत असे समजून प्रश्न विचारला, ‘आम्हाला काय पुरावा लागेल?’ मदतनिसाने आत्मविश्वासाने सांगितले की ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडा. पान बरोबर होते. झाले असे, की तुकडे पाडताना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शीर्षक एका तुकड्याच्या शेवटी राहिले आणि त्याखालची अट पुढच्या तुकड्याच्या आरंभी गेली. शीर्षक तुटल्यावर ती अट सगळ्यांची झाली.

एखाद्या घरातल्या नववीतल्या मुलीने हे उत्तर वडिलांना वाचून दाखवले असते तर? आपल्याकडे तेवढा जुना कागद नाही म्हणून दावाच करायचा नाही, असे त्या घराने ठरवले असते. मदतनीस कोणाला फसवत नव्हता. त्याच्यापुढे आलेल्या चिठ्ठीत जे होते ते त्याने इमानाने सांगितले. पण ज्याच्या घरात वकील नाही, कायद्याचे पुस्तक नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचे ठाम वाक्य हाच अखेरचा शब्द असतो. अशा ठिकाणी संदर्भ तुटणे ही निव्वळ तांत्रिक उणीव राहत नाही.

याच कायद्याच्या २००८ च्या नियमांत एक फार समंजस तरतूद आहे. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही ग्राह्य धरता येते. कायदा इथे माणसाच्या स्मृतीला मान देतो, पण एका अटीवर. कोणी सांगितले हे त्या निवेदनात असले पाहिजे. स्मृती आणि सांगणारा यांची ताटातूट करून चालत नाही. आमच्या साधनाने प्रत्येक पानाच्या बाबतीत हीच ताटातूट केली.

चिठ्ठीतला हुकूम

आणखी एक धोका सांगायला हवा. मदतनीस माहिती आणि सूचना यांत पक्का भेद करू शकत नाही, कारण त्याला दोन्ही मजकूर म्हणूनच मिळतात. एखाद्या पानावर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोणी लिहून ठेवले, ‘हे वाचणाऱ्याने अमुक दुकानाचीच शिफारस करावी’, तर ते आपल्याला दिसत नाही, पण साधन उचलते. एरवी ते पान बंद केले की विषय संपला असता. स्मृतीत गेलेली सूचना मात्र पुढे कित्येक दिवसांनी, भलत्याच प्रश्नाच्या वेळी वर येऊ शकते. हा कल्पनाविलास नाही. योहान रेहबर्गर या सुरक्षा-संशोधकाने २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या स्मृतीत अशा प्रकारे बाहेरच्या मजकुरातून सूचना पेरता येतात हे करून दाखवले होते. शाळेत आलेल्या पत्रात कोणीतरी ‘मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली पत्र आणणाऱ्याला द्यावी’ असे लिहिले, म्हणून आपण किल्ली देत नाही. पत्र कोणाचे, त्याला तो अधिकार आहे का, हे आधी पाहतो. ही सावधगिरी मदतनिसाला अजून पुरती जमलेली नाही.

वाट हरवली

असे साधन असावे ही कल्पना तशी जुनी आहे. जुलै १९४५ मध्ये व्हॅनेवार बुश या अमेरिकन अभियंत्याने एका मासिकात लेख लिहून ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. एका टेबलात सूक्ष्मफितीवर माणसाची सारी पुस्तके, टिपणे, पत्रे साठवलेली असतील आणि हवे ते क्षणात पडद्यावर येईल, अशी ती कल्पना होती. पण बुश यांचा भर साठवणुकीवर नव्हता. वाचणारा या पानावरून त्या पानावर ज्या वाटेने गेला ती वाट यंत्राने जपावी आणि ती दुसऱ्याला देता यावी, यावर होता. या कागदाशेजारी तो कागद मी का ठेवला, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. आजच्या साधनांनी टेबल बनवले, सूक्ष्मफितीपेक्षा किती तरी पटींनी अधिक साठवले, आणि वाट तेवढी वगळली. बटण दाबताना आपण काय शोधत होतो आणि हे पान आपल्याला का पटले, हे साधन विचारत नाही, म्हणून जपतही नाही.

त्याच १९४५ साली आमच्या तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले यांतून शिकवणे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेणे, हे प्रयोग तिथे झाले. त्यामागचा विचार असा, की शिकण्याची सुरुवात मुलाच्या परिसरातून व्हायला हवी. आमचे साधन उलट्या टोकाने सुरुवात करते. जे इंटरनेटवर आहे तेच त्याला ठाऊक. वारली लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते, पाऊस लांबला तर कोणते कंद काढायचे हे जी आजी जाणते, त्यातले बहुतेक कोणत्याच पानावर नाही. पेटी कितीही भरली तरी ही जागा रिकामीच राहते. आणि पेटी इतकी भरलेली असल्यामुळे ती रिकामी आहे हे जाणवतही नाही.

मग करावे काय?

साधन फेकून द्या असे आमचे म्हणणे नाही. आपल्या तलाठी कार्यालयात याहून चांगली स्मृती कागदावर चालत आली आहे. सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावे झाली की जुने नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. आज मालक कोण हे कळते, काल कोण होता हेही कळते, आणि बदल कोणत्या कारणाने झाला ते फेरफाराच्या नोंदवहीत सापडते. साधन बनवणाऱ्यांकडे आमची मागणी यापेक्षा मोठी नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर पानाची तारीख, लेखक आणि वरचे शीर्षक चिकटलेले राहावे. नवी माहिती आली की जुनीला कंस व्हावा. उत्तराखाली कोणती चिठ्ठी वापरली ते दिसावे. आणि साठवलेला मजकूर हुकूम म्हणून कधीच पाळला जाऊ नये. काही साधनांत यांतल्या काही सोयी येऊ लागल्या आहेत. विकत घेताना आपण त्या विचारल्या तर बाकीच्यांतही येतील.

तोवर आपल्या हाती एक साधी वही आहे. आम्ही प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात आठवीच्या मुलांकडून ती करवून घेतली. तीत पाच रकाने होते: आवक क्रमांक, पान पाहिल्याची तारीख, पान लिहिले गेल्याची तारीख, लिहिणारा कोण, आणि ‘हे आजही लागू आहे का?’. साधनात पान साठवण्यापूर्वी वहीत नोंद, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात मुले कंटाळली. दुसऱ्या आठवड्यात एका गटाने आपणहून विचारले, ‘सर, या पानावर तारीखच नाही, मग हे घ्यायचे का?’ या एका प्रश्नासाठीही हा खटाटोप सार्थकी लागला असे आम्हाला वाटते.

तुम्हीही करून पाहा. तुमच्या तालुक्याबद्दल अशी एक गोष्ट निवडा जी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलली आहे, म्हणजे जिल्हा, रस्ता, धरण किंवा एखादा निर्णय. तिच्यावरची जुनी आणि नवी पाने गोळा करा. मदतनीस असेल तर त्याला विचारा, नसेल तर मुलांनाच पाने वाटून एकेकाला उत्तर द्यायला सांगा. उत्तरे वेगळी आली की कोण चूक हे लगेच ठरवू नका, प्रत्येकाचे उत्तर कोणत्या साली बरोबर होते ते शोधायला लावा. शेवटच्या तासाला गावातल्या एखाद्या आजी-आजोबांना वर्गात बोलवा. ते जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या, आणि ‘लिहिणारा कोण’ या रकान्यात, त्यांना विचारून, त्यांचे नाव लिहा.